सॉफ्टवेअर बदलताय? आधी ही आवराआवर करा

गाणी रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर, म्हणजे डीएडब्ल्यू, बदलायचं असेल तर मुहूर्त आधी ठरवा. पुण्यात रेकॉर्डिंगची कामं घेणाऱ्याने जुलै ते सप्टेंबर या भानगडीत पडूच नये. पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकांचं पार्श्वसंगीत, त्यात गणपतीची गाणी. मंडळाला परवा हवं असलेलं काम नवं सॉफ्टवेअर शिकत शिकत होत नसतं. दिवाळी उरकली की बसा. हातातलं काम जुन्यावरच संपवायचं, नव्यावर फक्त नवं.

पैसे भरण्याआधी ट्रायल वापरा. रीपर ६० दिवस मिळतं. एफएल स्टुडिओच्या ट्रायलमध्ये प्रोजेक्ट सेव्ह होतो, पण विकत घेतल्याशिवाय पुन्हा उघडत नाही, तेव्हा तिथे जे करायचं ते एका बैठकीत. लॉजिक फक्त मॅक आणि आयपॅडवर चालतं आणि प्लगइन, म्हणजे वरून जोडायची वाद्यं आणि इफेक्ट, फक्त ऑडिओ युनिट प्रकारचे घेतं. प्रो टूल्सला एएएक्स प्रकारचे लागतात. म्हणून आपल्याकडचे प्लगइन एका कागदावर लिहा, नव्या घरी कोणते चालतील त्यावर खूण करा. लायसन्स कुठल्या ईमेलवर आहे तेही तिथेच लिहा. सॉफ्टवेअरसोबत आलेली वाद्यं बहुतेक मागेच राहतात, उदाहरणार्थ लॉजिकमधलं अल्केमी हे सिंथ.

आता खरं काम, म्हणजे जुने प्रोजेक्ट. सगळे न्यायचा हट्ट नको. ज्यांचे लोक अजून ‘तंबोरा जरा कमी करून द्या’ म्हणत फोन करतात, तेवढेच घ्या. बाकीच्यांचा फायनल मिक्स ठेवला की पुरे. निवडलेल्या गाण्याचा प्रत्येक ट्रॅक पहिल्या मात्रेपासून शेवटापर्यंत, सारख्या लांबीचा, २४ बिट वेव्ह (WAV) फाइलमध्ये काढा. एकदा इफेक्टसकट, एकदा कोरा. रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, वेगळा. फाइलला ‘तबला डग्गा’ असं धड नाव द्या. ‘ऑडिओ १७ न्यू फायनल’ कोणालाच कळत नाही, तुम्हालाही.

मिडी फाइल (कोणता सूर कधी वाजला याची नोंद, आवाज नव्हे) वेगळी काढा, आणि टेम्पो मॅप, म्हणजे लय कुठे किती बदलते ते, तिच्यात आलाय ना ते बघा. भजनाची लय चढती असते; मॅप राहिला तर शेवटच्या अंतऱ्याला टाळ एकीकडे आणि ग्रिड, म्हणजे पडद्यावरच्या मात्रांच्या रेघा, दुसरीकडे. मींडेकडे तर विशेष लक्ष हवं. पिच बेंड, म्हणजे सूर ओढायची कळ, किती वाकवलाय एवढंच फाइल सांगते. त्याचे किती सूर होतात ते वाद्याच्या रेंजवर ठरतं. बासरी १२ सेमीटोनच्या (अर्ध्या सुरांच्या) रेंजवर वाजवली असेल आणि नव्या वाद्यात नेहमीची २ ची रेंज असेल, तर षड्जावरून पंचमाला जाणारी मींड कोमल रिषभाच्या जरा वर जाऊन थांबते. प्रत्येक वाद्याची रेंज ट्रॅकच्या नावातच लिहून टाका. सप्तकांच्या नावांचाही घोळ आहे: मिडीचा ६० नंबरचा सूर क्यूबेसमध्ये सी ३, एफएलमध्ये सी ५. सूर हलत नाही, पण वहीत लिहिलेले कीस्विच (वाद्याची वाजवण्याची तऱ्हा बदलणारे सूर) चुकतात.

२०२३मध्ये बिटविग आणि प्रीसोनस या कंपन्यांनी एका सॉफ्टवेअरमधला प्रोजेक्ट दुसऱ्यात नेण्यासाठी डीएडब्ल्यूप्रोजेक्ट नावाचा खुला फॉरमॅट आणला, क्यूबेस १४ मध्येही तो आहे. तुमची दोन्ही सॉफ्टवेअर त्यात बसत असतील तर बरीच हमाली वाचेल. तरी वेव्ह काढाच.

नव्यात ट्रॅक लावल्यावर आवाज जुळत नाही असं वाटलं तर आधी पॅन लॉ बघा. मध्यात ठेवलेला मोनो ट्रॅक किती डेसिबल उतरतो ते सगळीकडे सारखं नसतं. खात्री करायची तर इफेक्टसकटचे सगळे ट्रॅक लावा, मास्टरवरचे इफेक्ट न घेता काढलेला जुना मिक्स फेज उलटा करून सोबत वाजवा; दोन्ही सारखे असतील तर एकमेकांना पुसतात. शांतता झाली, काम झालं. काही उरलं तर तोच ट्रॅक शोधा.

टेम्प्लेट एकच करा: तंबोरा, तबल्याचे दोन माइक, पेटी, गायक, कोरस. शॉर्टकट मात्र सगळे जुन्यासारखे करत बसू नका. नव्याची शिकवणी बघताना तेच आडवे येतात. कट आणि झूम बदललं की बास.

टपकीर गल्लीतून, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, दोन हार्ड ड्राइव्ह आणा, सगळ्याची प्रत दोन्हींवर ठेवा, एक घरी, एक भावाकडे. जुनं सॉफ्टवेअर वर्षभर काढू नका, त्याची इन्स्टॉलर फाइलही जपा. नव्यावरचं पहिलं काम हक्काच्या मित्राचं घ्या, पैसे मोजणाऱ्याचं नको.