बाळाच्या हृदयात दोष का आला? तपासणीआधी घरी करायची तयारी

नवी मुंबईत लहान मुलांच्या हृदयविकाराच्या ओपीडीत मी सिस्टर आहे. टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) होतो, हृदयाला छिद्र आहे असं कळतं, आणि बाहेरच्या बाकावर येईपर्यंत आईच्या डोक्यात एकच प्रश्न घोळायला लागतो: माझं काय चुकलं? ती ऐरोलीची असो की मुरबाडची, ग्रहणात विळी हातात घेतल्याची आठवण तिला घरातल्या कुणीतरी करून दिलेलीच असते. मला याचा फार राग येतो. कारण शोधायचंच असेल तर नीट शोधा, आणि पुढच्या तपासणीला येण्याआधी घरी हे सगळं लिहून आणा.

आधी तारखा. माता-बाल संरक्षण कार्डावर शेवटच्या पाळीची तारीख असते. गर्भ राहिल्यावर साधारण २२व्या दिवशी हृदय म्हणजे धडधडणारी एक साधी नळी असते. ती वळते, तिला पीळ पडतो, आत पडदे वाढतात आणि चार कप्पे तयार होतात. बाहेर जाणारी एकच मोठी वाहिनी दुभागून महाधमनी आणि फुप्फुसधमनी होते. आठव्या आठवड्याच्या अखेरीस हे जवळपास पुरं झालेलं असतं. पडदा अपुरा राहिला तर छिद्र. वाहिनी दुभागताना पडदा एका बाजूला सरकला तर टेट्रालॉजी, ज्यात मूल रडताना निळं पडतं.

हे आठवडे गर्भ राहिल्यापासूनचे. पाळीपासून मोजायचं तर दोन आठवडे मिळवा. पाळी १० जूनची असेल तर महत्त्वाचा काळ ८ जुलै ते १९ ऑगस्ट. पाळी अनियमित असेल तर पहिल्या सोनोग्राफीवरून काढलेली पाळीची तारीख धरा. सातव्या महिन्यात ठाणे स्टेशनच्या जिन्यावर पाय घसरला म्हणून बाळाच्या हृदयाला भोक पडलं, असं धरून बसलेली आई मी पाहिली आहे. तेव्हा ते पडदे कधीच बनून झाले होते. (अरुंद झडप पुढच्या महिन्यांत आणखी अरुंद होऊ शकते. आणि जन्मानंतर मिटायची वाहिनी उघडी राहणं, हे अपुऱ्या दिवसांच्या बाळात बरंच दिसतं.)

त्या सहा आठवड्यांत काय घडलं ते लिहा. ताप आणि अंगावर पुरळ आलं होतं का? रुबेला असू शकतो. फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट, मानसिक आजारासाठी लिथियम, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू होतं का? गोळ्यांची नावं आठवत नसतील तर पाकिटं किंवा जुनी चिठ्ठी आणा. दारू घेतली असेल तर तेही सांगा, ओपीडीत कुणी रागावत नाही. डायबिटीस गर्भ राहण्याआधीपासून होता का, हे तर नक्की लिहा. तेव्हा साखर आटोक्यात नसेल, तर धोका कितीतरी वाढतो.

आता घराणं. यालाच सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण इथेच माणसं घाई करतात आणि फक्त सुनेच्या माहेरची चौकशी होते. बाळाला निम्मे जनुक वडिलांकडून येतात. दोन्हीकडच्या तीन पिढ्या एका कागदावर काढा: पुरुषाला चौकोन, बाईला गोल, हृदयाचा आजार असलेल्याचा आकार भरून टाका, गेलेल्यावर तिरकी रेघ. नवरा-बायको आत्ते-मामे भावंडं असतील तर दोघांमध्ये दुहेरी रेघ मारा. आपल्याकडे मामाची मुलगी करतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

माहिती म्हाताऱ्या बायकांकडे असते. गौरी-गणपतीला गावी सगळे जमतात, तेव्हा मोठ्या आत्याला, चुलत आजीला एकेकटं गाठा. ‘हृदयरोग होता का?’ असं विचारलं तर ‘नाही’ म्हणतील. ‘लहानपणी कुणी दगावलं का? निळं पडायचं का? तरण्या वयात कुणी अचानक गेलं का, पेसमेकर बसवला का? टाळू फाटलेलं, अंगठा वेगळा असलेलं कुणी आहे का?’ असं विचारा. गर्भपात आणि मेलेली जन्मलेली मुलंही लिहा. अंगठ्याची विकृती आणि हृदयाचं छिद्र एकाच घरात दिसलं, तर टीबीएक्स५ या जनुकातला बदल असू शकतो. तो असलेल्या आई किंवा वडिलांकडून प्रत्येक बाळात उतरण्याची शक्यता ५० टक्के असते.

बाळाकडेही नीट बघा. डाऊन सिंड्रोमच्या जवळपास निम्म्या मुलांना हृदयदोष असतो. टेट्रालॉजीसोबत टाळूचा दोष, कॅल्शियम कमी होऊन आलेल्या फिट्स किंवा वारंवार जंतुसंसर्ग असेल, तर २२व्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गळालेला असू शकतो. साध्या कॅरिओटाइपमध्ये (गुणसूत्रांच्या नेहमीच्या तपासणीत) तो सहसा दिसत नाही, म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल’ ऐकून थांबू नका. फिश किंवा मायक्रोॲरे ही त्याहून बारीक तपासणी लागेल का, हे विचारा. हे शस्त्रक्रियेआधी कळलेलं बरं, कारण कॅल्शियम आणि द्यायचं रक्त या दोन्हींची त्यात वेगळी काळजी घ्यावी लागते. मात्र डॉक्टरांनी शस्त्रक्रिया लगेच करायला सांगितली असेल, तर जनुकीय रिपोर्टसाठी ती अडवून धरू नका.

एवढं करूनही पुष्कळ घरांत एक ठरावीक कारण हाती लागत नाही. बारीकसारीक अनेक गोष्टी जुळून आलेल्या असतात. अशा वेळी पुढच्या बाळाला दोष असण्याची शक्यता साधारण २ ते ३ टक्के धरतात. एरवी ती १ टक्क्याच्या आसपास असते. घाबरून दुसऱ्या मुलाचा विचार सोडणाऱ्या जोडप्यांना मी हा आकडा कागदावर लिहून देते.

पुढच्या वेळी गर्भ राहण्याच्या निदान महिनाभर आधी फॉलिक ॲसिड सुरू करा, साखर तपासा. रुबेलाची लस राहिली असेल तर घ्या आणि त्यानंतर महिनाभर थांबा. फिट्सच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका, आधी डॉक्टरांशी बोलून बदलून घ्या. आणि फीटल इकोची (पोटातल्या बाळाच्या हृदयाच्या सोनोग्राफीची) वेळ पाळीपासून मोजलेल्या १८ ते २२ आठवड्यांमधली घ्या, पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत सगळं ठीक दिसलं तरीही.