मुलांना बोट लागू नये म्हणून: औषध हातातल्या पिशवीत

येत्या डिसेंबरात आम्ही पुन्हा मुंबई-गोवा क्रूझला निघालोय. मागच्या खेपेला माझ्या हातून जे झालं ते परत होऊ नये म्हणून ही तयारी लिहून काढतेय. लहान मुलं घेऊन बोटीवर निघालेल्या कुणालाही उपयोगी पडेल. मुलं दोन. थोरली तेव्हा ७ वर्षांची, धाकटा ४ चा. बोट लागू नये म्हणून औषध घेतलं होतं, मुलांच्या डॉक्टरांना विचारून, दोघांच्या वजनाप्रमाणे मात्रा लिहून घेऊन. आणि ते सगळं मी मोठ्या बॅगेत भरलं.

मोठी बॅग बोटीवर तुमच्यासोबत जात नाही. बॅलार्ड पिअरला टर्मिनलवर पोचलात की सामान आधी काढून घेतात, त्याला खोलीच्या नंबराचा टॅग लावतात, तपासणी होऊन ते वेगळ्या वाटेने बोटीवर चढतं आणि शेकडो खोल्यांच्या सामानातून वाट काढत तुमच्या दाराशी येईल तेव्हा येतं. आमची बोट सहाला सुटली. बॅग दाराशी आली साडेनऊला. मुलांचं बोट लागण्याचं औषध त्या साडेतीन तासांत मला कुठेही मिळालं असतं तर मी काहीही द्यायला तयार होते.

बोट बंदरात असते तोवर काही कळत नाही. गेटवे, कुलाबा बाजूने सरकतात, मुलं रेलिंगपाशी नाचत असतात. प्राँग्जचं दीपगृह मागे पडलं की उघडा समुद्र लागतो आणि बोट सावकाश श्वास घेतल्यासारखी वरखाली व्हायला लागते. सव्वासातला धाकटा जांभया द्यायला लागला. मला वाटलं दमलाय. मग तो बोलायचा थांबला. जेवणाच्या टेबलावर गाल टेकवला, वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब, चेहरा पिठासारखा. म्हणाला, "आई, खालचं मऊ झालंय." पुढच्या मिनिटाला उलटी. त्यानंतर रात्रभर सहा वेळा. शेवटी बॅग आली तेव्हा औषध दिलं, तेही दहा मिनिटांत बाहेर. पोटाचं काम एकदा मंदावलं की वरून दिलेलं औषध नीट शोषलंच जात नाही. म्हणून ते आधी द्यायचं असतं, आणि आधी द्यायचं तर ते जवळ असायला हवं. औषध हातातल्या पिशवीत. खांद्याला जी लावून तुम्ही बोटीवर चढणार, त्याच पिशवीत.

आता क्रमाने घेते.

एक-दीड महिना आधी. तारखा ठरवताना हंगाम बघा. पावसाळ्यात या बोटी बंदच असतात, पण मे महिन्याच्या सुट्टीत, पावसाळा तोंडावर आलेला असताना, समुद्र खवळायला लागतो. अरबी समुद्रात वादळं येतात तीही बहुतेक पावसाळ्याच्या आधी आणि नंतर. डिसेंबर-जानेवारी त्या मानाने शांत. खोली घेताना समुद्र दिसणारी उंचावरची बाल्कनी सगळ्यांनाच हवी असते, मलाही हवी होती. लहान मुलं असतील तर तो मोह सोडा. बोट म्हणजे मोठी सीसॉ आहे असं समजा: पुढचं आणि मागचं टोक सगळ्यात जास्त वरखाली होतं, आणि जितकं वर जाल तितका डोलही वाढतो. मधोमध आणि खालच्या मजल्यावरची खोली घ्यायची. खिडकी असली तर उत्तम, नसली तरी चालेल. मोठ्या बोटींना दोन्ही बाजूंना पंखासारखे स्टॅबिलायझर असतात. त्यांनी आडवा डोल बराच कमी होतो, पण पुढून-मागून होणारं वरखाली त्यांना फारसं आवरत नाही. तेव्हा "आता बोटी मोठ्या असतात, काही होत नाही" असं कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि औषध घ्या.

त्याच महिन्यात एक रविवार काढून मुलांना गेटवेहून मांडव्याला बोटीने नेऊन आणा. कुणाला लागते आणि कुणाला नाही हे तासाभरात कळतं. ज्या मुलाला घाटात गाडी लागते त्याला बोटही लागण्याची शक्यता जास्त, हे गृहीतच धरा. साधारण २ ते १२ या वयात हा त्रास सर्वांत जास्त असतो. २ वर्षांच्या आतल्या बाळांना सहसा होत नाही. कारण एकच: कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, आणि डोळे खोलीच्या स्थिर भिंतीकडे बघून सांगतात की नाही. मेंदू या भांडणात गोंधळतो. पुढचे सगळे उपाय हे भांडण मिटवण्याचेच आहेत.

डॉक्टर. इथे आळस करू नका, आणि औषधांच्या दुकानात उभं राहून "मुलांना चालेल ना?" असं विचारून काही उचलू नका. घरात उलटीचं जे सिरप असतं, ऑन्डॅनसेट्रॉनचं, ते पोट बिघडल्यावरच्या उलटीला देतात. बोट लागण्यावर त्याचा विशेष उपयोग होत नाही. बोटीसाठी वेगळी औषधं आहेत, डायमेनहायड्रिनेट किंवा प्रोमेथाझिन यांच्या जातीतली, आणि प्रोमेथाझिन २ वर्षांच्या आतल्या मुलाला अजिबात द्यायचं नाही, त्याने श्वास मंदावू शकतो. कानामागे लावायच्या पट्ट्या मोठ्या माणसांसाठी असतात, त्या मुलांना लावू नका. आणखी एक, जे मला डॉक्टरांनी विचारलं नसतं तर सुचलं नसतं: सर्दीच्या सिरपमध्येही बहुधा याच कुटुंबातलं, गुंगी आणणारं औषध असतं. मुलाला सर्दी असेल तर दोन्ही एकाच दिवशी देऊ नका, आधी विचारा. मात्रा वजनावर ठरते, म्हणून त्या आठवड्यातलं वजन सांगा. मात्रा आणि किती तासांनी पुन्हा द्यायची ते कागदावर लिहून घ्या.

आणि घरी एकदा देऊन बघा. शनिवारी दुपारी, काही काम नसताना. बहुतेक मुलं या औषधाने पेंगतात, पण काही मुलं उलट चेकाळतात, झोपतच नाहीत, रडारड करतात. आमची थोरली त्यातली निघाली. हे बोटीवर कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं. तिच्यासाठी डॉक्टरांनी मात्रा बदलून दिली.

दोन दिवस आधी हैदराबादच्या इन्कॉइसचा, म्हणजे समुद्राचे अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेचा, लाटांचा अंदाज बघा. मच्छीमार बघतात तोच. लाटा उंच दिसल्या म्हणून सहल रद्द करा असं मी म्हणत नाही, पण मग औषधात कुचराई नको.

आता पिशवी. कपडे, आधार कार्ड, टोप्या हे तुम्हाला ठाऊक आहे. मी बोलतेय ते खांद्यावरच्या पिशवीबद्दल. तिच्यात सगळ्यात वरच्या कप्प्यात औषध, मोजायचं टोपण किंवा सिरिंज, आणि डॉक्टरांचा कागद. नंतर प्रत्येक मुलाचा कपड्यांचा एक जोड, ओले टिश्यू, एक पातळ पंचा, झिप लागणाऱ्या आठ-दहा जाड पिशव्या, ओआरएसची पुडी. ओआरएस म्हणजे पाण्यात कालवायची पुडी, खोक्यातलं फळांच्या चवीचं गोड पेय नव्हे. आलेपाकाच्या चार वड्या ठेवा, काहींना आल्याने बरं वाटतं. आमच्या मुलांना तिखट लागतात, मला चालतात. मनगटावर दाब देणारे ते बटणाचे पट्टे हवे तर घ्या, नुकसान काही नाही, पण त्यांच्या भरवशावर औषध टाळू नका. बाहेरचं खाणं बहुधा वर नेऊ देत नाहीत, बाळाचं खाणं आणि औषधं चालतात, तरी आधी विचारून घ्या.

पिशवी भरून झाली की औषध तिच्यात आहे का ते उघडून बघा. घरातून निघताना पुन्हा बघा. टर्मिनलवर हमाल मोठ्या बॅगेला हात लावायच्या आधी, टॅग लागायच्या आधी, तिसऱ्यांदा बघा. माझ्या बॅगेच्या मुठीला ओळखीसाठी लाल रिबीन बांधली होती. ती लाल रिबीन बाकीच्या सामानाबरोबर आत जाताना मी स्वतः बघितली, हातही हलवला, आणि औषध तिच्यात आहे हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

बोटीवर चढल्यावर. सुटायच्या वेळेच्या एक तास आधीचा गजर मोबाईलवर लावून ठेवा आणि औषध द्या, डॉक्टरांनी दुसरी वेळ सांगितली असेल तर त्या वेळेला. गजर लावलाच पाहिजे, कारण त्याच वेळात लाइफ जॅकेटचा सुरक्षेचा सराव असतो, मुलांना पोहण्याचा तलाव दिसलेला असतो, आणि कुणीतरी फोटोला बोलावतं. बोट सुटायला उशीर होणार असं आधी कळलं तर गजर पुढे ढकला. देऊन झाल्यावर उशीर झाला तर काळजी नको, काही तास असर राहतो. पण पुन्हा दुसरा डोस देऊ नका. नवरा-बायकोपैकी कोण देणार ते ठरवून ठेवा, नाहीतर दोघंही देतात किंवा कुणीच देत नाही. मोठ्यांपैकी कुणाला बोट लागत असेल तर त्यांनीही घ्यावं, पण गुंगी आणणारं औषध दोघांनी एकदम घेऊ नये. रात्री मुलांकडे बघायला एकाने जागं हवं.

खाणं. रिकामं पोट नको आणि गच्च भरलेलंही नको. मुलांना समोर पास्ता, तळलेलं, आइस्क्रीम, रंगीत सरबतं दिसतात आणि पैसे आधीच भरलेले असतात म्हणून आपणही थांबवत नाही. पहिल्या संध्याकाळी थांबवा. मऊ भात, साधं वरण, टोस्ट, केळं. बाकी सगळं दुसऱ्या दिवशी सकाळीही तिथेच असतं.

पहिली संध्याकाळ सर्वांत महत्त्वाची. मधल्या भागातल्या उघड्या डेकवर बसा, तोंडावर वारा लागू द्या, मुलांना क्षितिजाकडे बघायला लावा. दक्षिणेला खांदेरीचं दीपगृह शोधायला सांगा, लांबवरच्या होड्या मोजायला सांगा. लांबचं बघितलं की डोळे आणि कान एकच गोष्ट सांगतात. मोबाईल, टॅब, चित्रांचं पुस्तक, रंगवायची वही, काहीही हातात नको. मुलांच्या खेळायच्या खोलीत पहिल्या संध्याकाळी नेऊ नका, ती आत असते आणि तिथून बाहेरचं काही दिसत नाही. पण क्षितिजाचा उपाय उजेड असेपर्यंतच. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि मग समुद्र आणि आकाश दोन्ही काळं. अंधार पडला की मुलांना खोलीत नेऊन आडवं करा, डोकं उशीत स्थिर, डोळे मिटून. गोष्ट सांगा, गाणं म्हणा, लवकर झोपवा. रात्रीचा कार्यक्रम, नाच, जादूचे प्रयोग बुडतात, बुडू द्या.

लहान मुलं "मळमळतंय" म्हणत नाहीत. पोट दुखतंय म्हणतात, किंवा काहीच म्हणत नाहीत. जांभया, अचानक गप्प होणं, चेहरा पांढरा पडणं, तोंडात पाणी सुटणं, चिडचिड: यातलं एक दिसलं तरी जेवण सोडून उठा. मी सव्वासातला उठले असते तर निदान टेबल आणि त्याचे कपडे वाचले असते. औषध जवळ असतं तर बहुधा हे काहीच झालं नसतं.

तरी उलटी झालीच तर रागावू नका, मूल आधीच घाबरलेलं असतं. दहा मिनिटं पोटाला विश्रांती, मग ओआरएस चमच्या-चमच्याने, दर दोन-तीन मिनिटांनी. पेला तोंडाला लावू देऊ नका, गटागट प्यायलं की परत बाहेर येतं. कचऱ्याची छोटी बादली पलंगाशी ठेवा. सहा-सात तास लघवी झाली नाही, मूल मलूल पडलं, हिरवी उलटी झाली, ताप आला, तर बोट लागली असेल असं धरून बसू नका, बोटीवरच्या डॉक्टरांकडे लगेच न्या. डॉक्टर असतात. आमच्या धाकट्यालाही रात्री अकराला तिथेच नेलं. त्यांनी नीट बघितलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी बहुतेकांना बरंच बरं वाटतं, शरीर सरावतं. पुढचा डोस लागेल का ते कागदावर बघा.

गोव्यात बोट मुरगाव बंदरात लागते. मुलं जमिनीवर उतरली की सगळं विसरतात, आपणही विसरतो. समुद्रकिनाऱ्यावर उन्हात खेळून, तळलेले मासे खाऊन, तहानलेली मुलं बोट सुटायच्या अर्धा तास आधी परत आणू नका. परतीचा डोसही तासभर आधीच द्यायचा, म्हणजे औषध गोव्यात फिरतानाही त्याच पिशवीत असू द्या, खोलीत ठेवून उतरू नका. आम्ही परतताना वेळेवर दिलं आणि धाकटा साडेआठला शांत झोपला, सकाळी मुंबई दिसेपर्यंत. तीच बोट, तोच समुद्र.

घरी आल्यावर दिवसभर जमीन हलल्यासारखी वाटते, मुलांना सांगून ठेवा, आपोआप जातं. माझी पिशवी दाराच्या खुंटीला लावून झालीय. बाटली वरच्या कप्प्यात आहे, आत्ताच उघडून बघितली.