वेबसाइटचे ट्रॅकिंग टॅग तपासताना या चुका टाळा

ट्रॅकिंग टॅग म्हणजे वेबसाइटवर काय घडले याची नोंद पाठवणारा छोटा कोड, आणि टॅग मॅनेजर म्हणजे असे टॅग बसवायचे गूगलचे साधन. त्याच्या प्रीव्ह्यूमध्ये, म्हणजे बदल प्रकाशित करण्याआधीच्या चाचणीत, टॅगच्या नावाखाली ‘फायर्ड’ असे दिसले की बहुतेक जण लॅपटॉप मिटतात. टॅग चालला एवढेच त्यावरून कळते. त्याने योग्य वेळी, योग्य माहिती, योग्य खात्यात आणि एकदाच पाठवली का, हे त्यावरून कळत नाही. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील आमच्या छोट्या कार्यालयातून लहान व्यावसायिकांच्या वेबसाइटचे मोजमाप सांभाळताना ज्या चुका आम्ही स्वतः केल्या, त्यांतल्या काही येथे मांडतो.

कार्यालयातल्या संगणकावरच तपासणे

सर्वांत महागात पडलेली चूक हीच. नौपाड्यातील एका फराळ विक्रेत्यांची ऑनलाइन दुकानाची वेबसाइट आमच्याकडे होती. दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी त्यांचा फोन आला, “तुमच्या कंप्युटरवर नऊच ऑर्डर दिसतायत, माझ्याकडून डबे तर चौदा गेले.” आम्ही पुन्हा डेस्कटॉपवरून कार्डाने खरेदी करून पाहिली, ‘धन्यवाद’ पान उघडले, खरेदीचा टॅग चालला आणि सगळे ठीक असल्याचे आम्ही त्यांना कळवले. प्रत्यक्षात त्यांचे बहुतेक ग्राहक मोबाइलवरून यूपीआयने पैसे भरत होते. पैसे भरताना यूपीआयचे अॅप उघडते, पिन टाकला जातो, ‘यशस्वी’ अशी खूण दिसते आणि ग्राहक तिथूनच फोन खिशात ठेवतो. ब्राउझरकडे तो परत येतच नाही, त्यामुळे ‘धन्यवाद’ पान उघडत नाही आणि त्या पानावर बसवलेला टॅगही चालत नाही.

म्हणून आपले ग्राहक ज्या उपकरणावरून आणि ज्या पद्धतीने पैसे भरतात, त्याच पद्धतीने, शक्यतो वायफाय बंद करून, मोबाइलवर एक खरी खरेदी करून पाहावी. आणि पैसे भरल्यावर मुद्दाम ब्राउझरकडे न परतता काय घडते तेही पाहावे. पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून देणारी सेवा, यशस्वी व्यवहाराची सूचना थेट आपल्या सर्व्हरला पाठवू शकतो, तिला वेबहुक म्हणतात. त्या सूचनेच्या आधारे सर्व्हरकडूनच खरेदीची नोंद गूगल अॅनालिटिक्सला, म्हणजे वेबसाइटच्या भेटी आणि विक्री मोजणाऱ्या गूगलच्या सेवेला, ‘मेजरमेंट प्रोटोकॉल’ या थेट सर्व्हरवरून नोंद पाठवण्याच्या मार्गाने पाठवणे हा यावरचा खात्रीचा उपाय आहे. मात्र तिथेही एक खाचखळगा आहे: पाठवलेली माहिती चुकीच्या रचनेत असली तरी गूगलचा सर्व्हर यशाचाच संकेत देतो. त्यामुळे आधी गूगलने तपासणीसाठी दिलेल्या वेगळ्या पत्त्यावर माहिती पाठवून त्रुटी वाचाव्यात आणि मगच ती खऱ्या पत्त्याकडे वळवावी.

आकडा आला, पण काय आले ते न पाहणे

ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये ‘नेटवर्क’ विभाग उघडून ‘कलेक्ट’ हा शब्द शोधला की अॅनालिटिक्सकडे गेलेल्या नोंदी दिसतात. समोर २०४ हा संकेत असेल तर नोंद पोहोचली. आत काय होते हे मात्र उघडूनच वाचावे लागते. आम्ही चार गोष्टी वाचतो: इव्हेंटचे (नोंदवलेल्या घटनेचे, जसे खरेदी) नाव, मेजरमेंट आयडी (नोंद कुठे जमा व्हायची ते सांगणारी ओळख), रक्कम आणि ऑर्डर क्रमांक. इव्हेंटच्या नावात इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांचा फरक झाला, तरी अॅनालिटिक्स त्यांना दोन वेगळे इव्हेंट मानते. रक्कम निव्वळ अंकांत हवी. वेबसाइटच्या पानावरून उचललेल्या ‘₹१,२५०’ मधील रुपयाचे चिन्ह आणि स्वल्पविराम तसेच गेले, तर उत्पन्नाचा हिशेब बिघडतो. रकमेसोबत चलनाचा संकेत नसेल, तरीही तेच होते.

ऑर्डर क्रमांकाबाबत विशेष जपावे. एकाच ग्राहकाकडून एकाच क्रमांकाची खरेदी दोनदा आली, तर अॅनालिटिक्स तिची एकच नोंद धरते. ‘धन्यवाद’ पान मोबाइलवर उघडेच राहून दुसऱ्या दिवशी आपोआप पुन्हा लोड होते, तेव्हा याचा उपयोग होतो. परंतु क्रमांकाच्या जागी रिकामी अक्षरमाला गेली, तर अशा सगळ्या खरेद्या एकमेकींच्या प्रती समजल्या जातात आणि त्यांपैकी एकच उरते. टॅग प्रत्येक वेळी चाललेला असतो, प्रीव्ह्यूही प्रत्येक वेळी हिरवा असतो, पण अहवालात ऑर्डर नसतात.

याच्या उलट दोष म्हणजे एकच मेजरमेंट आयडी दोन ठिकाणी बसवणे: एकदा वेबसाइटच्या प्लगइनमध्ये आणि एकदा टॅग मॅनेजरमध्ये. एका पानाच्या भेटीला ‘पेज व्ह्यू’च्या दोन नोंदी दिसल्या, तर प्रथम हाच संशय घ्यावा.

आपल्याच ब्राउझरवर विश्वास ठेवणे

तपासणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारे एक्स्टेन्शन असते, कुकीची परवानगी त्याने मागेच दिलेली असते, शिवाय प्रीव्ह्यू चालू असल्याने बदल प्रकाशित केला नसला तरी त्याला तो दिसत असतो. ‘पब्लिश’ करायचे राहून गेले आणि आठवडाभर कोणाच्या लक्षात आले नाही, असे आमच्याकडेही घडले आहे. प्रकाशित केल्यानंतर प्रीव्ह्यू बंद करून, एक्स्टेन्शन नसलेल्या इन्कॉग्निटो खिडकीत वेबसाइट उघडावी आणि परवानगीच्या पट्टीवर एकदा ‘होय’ व एकदा ‘नाही’ दाबून दोन्ही वेळा काय पाठवले जाते ते तपासावे. ‘नाही’ची बाजू जवळजवळ कोणीच तपासत नाही.

लगेच अहवालात आकडा दिसला नाही म्हणून टॅग बदलत बसणे ही घाईची चूक. नेहमीच्या अहवालांना २४ ते ४८ तास लागू शकतात. तोवर डीबगव्ह्यू (चाचणीच्या उपकरणावरून आलेल्या नोंदी लगेच दाखवणारे अॅनालिटिक्सचे पान) आणि शेवटच्या ३० मिनिटांचा रिअलटाइम अहवाल पाहावा. आपल्याच कार्यालयातून वेबसाइटला झालेल्या भेटी मोजणीतून वगळणारा अॅनालिटिक्सचा फिल्टर मात्र आधी ‘टेस्टिंग’ अवस्थेतच ठेवावा, कारण तो सुरू केल्यानंतर वगळली गेलेली माहिती परत मिळत नाही.

ग्राहक कुठून आला या अहवालात खरेदीचे श्रेय पेमेंट गेटवेच्या किंवा बँकेच्या वेब-पत्त्याला मिळत असेल, तर ते पत्ते अॅनालिटिक्सच्या नको असलेल्या रेफरलच्या (दुसऱ्या वेबसाइटवरून आलेल्या भेटींच्या) यादीत टाकावेत. हे दहा मिनिटांचे काम आहे.

आता आम्ही दर सोमवारी मागच्या आठवड्यातील अॅनालिटिक्सचे ऑर्डर क्रमांक विक्रेत्यांच्या वहीशी ताडून पाहतो. एकूण बेरीज जुळवण्यापेक्षा एकेक क्रमांक जुळवावा, कारण दोनदा मोजलेली एक ऑर्डर आणि सुटलेली एक ऑर्डर मिळून बेरीज बरोबरच येते. तपासणीसाठी केलेली खरेदी लगेच रद्द करून तिचा रिफंडचा इव्हेंटही अॅनालिटिक्सला पाठवावा. गेल्या दिवाळीत आमच्यापैकी एक जण ते विसरला आणि अर्धा किलो चिवडा वागळे इस्टेटमध्ये हजर झाला. तो आम्ही संपवला, पैसेही दिले, त्यानंतर आलेली विक्रेत्यांची शेरेबाजी एवढीच होती की, “ही ऑर्डर मात्र बरोबर दिसतेय हो!”