दिवसभरात शरीर किती कॅलरी खर्च करते, याचा अंदाज कसा काढावा

आपले शरीर दिवसाला नेमक्या किती कॅलरी खर्च करते, हे प्रयोगशाळेतच मोजता येते. घरी काढता येतो तो अंदाज. मात्र तो काळजीपूर्वक काढला आणि नंतर वजनकाट्याशी ताडून पाहिला, तर आहार ठरवण्यासाठी पुरेसा होतो. येथे कॅलरी म्हणजे किलोकॅलरी, अर्थात खाद्यपदार्थांच्या पाकिटांवर छापलेली असते तीच.

प्रथम विश्रांतीतला खर्च काढावा. श्वसन, रक्ताभिसरण, शरीराचे तापमान राखणे यांसाठी काहीही न करता होणारा हा खर्च बैठे काम करणाऱ्यांच्या बाबतीत एकूण खर्चाच्या निम्म्याहून बराच अधिक असतो. त्यासाठी १९९० साली अमेरिकेत सुमारे ५०० स्त्रीपुरुषांच्या मोजमापांवरून तयार झालेले मिफ्लिन-सेंट जॉर सूत्र वापरावे: किलोग्रॅममधील वजनाला १० ने आणि सेंटिमीटरमधील उंचीला ६.२५ ने गुणून दोन्हींची बेरीज करावी, तीतून वयाची पाचपट वजा करावी, आणि मग पुरुषांनी ५ मिळवावेत, तर स्त्रियांनी १६१ वजा करावेत. ४२ वर्षे वयाच्या, ६४ किलो वजनाच्या आणि १५६ सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीसाठी हे गणित ६४० + ९७५ − २१० − १६१, म्हणजे १,२४४ कॅलरी असे येते. पाश्चात्त्यांच्या मोजमापांवरून बेतलेली सूत्रे भारतीयांच्या बाबतीत आकडा थोडा चढा दाखवतात, असे आपल्याकडील अभ्यासांत आढळले आहे. त्यामुळे आलेले उत्तर वरची बाजू समजणे शहाणपणाचे.

यापुढे या आकड्याला हालचालीच्या गुणकाने गुणायचे असते, आणि बहुतेकांचा हिशेब फसतो तो इथेच. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी बैठ्या जीवनशैलीसाठी १.४० ते १.६९, मध्यम श्रमांसाठी १.७० ते १.९९ आणि जड श्रमांसाठी २.०० ते २.४० अशी मर्यादा दिली आहे. सकाळी पाऊण तास फिरून आल्यावर दिवसभर संगणकासमोर बसणारा माणूस स्वतःला सहज ‘मध्यम’ गटात टाकतो; वास्तविक तो बैठ्याच गटात राहतो, फार तर त्याच्या वरच्या टोकाला. या एका निवडीने किती फरक पडतो, हे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० सालच्या आकड्यांवरून दिसते: ६५ किलो वजनाच्या पुरुषाची गरज बैठ्या कामासाठी २,११० आणि मध्यम श्रमांसाठी २,७१० कॅलरी धरलेली आहे. मधल्या ६०० कॅलरी म्हणजे तीस ग्रॅम कणकेच्या, तेलतूप न लावलेल्या सुमारे सहा पोळ्या. शंका असेल तेव्हा खालचा गुणक घ्यावा. वरील स्त्री कार्यालयात बसून काम करते आणि घरकामही करते असे मानून १.४५ धरले, तर एकूण खर्च सुमारे १,८०० येतो. अन्न पचवण्यासाठी लागणारी ऊर्जा गुणकातच आलेली असते. ती वेगळी मिळवू नये.

व्यायामाचेही तेच. गुणक निवडताना फिरणे धरले असेल, तर मनगटावरच्या घड्याळाने दाखवलेल्या कॅलरी त्यावर पुन्हा चढवू नयेत. शिवाय ते आकडे बरेच चुकतात. झपाझप चालताना शरीर विश्रांतीच्या साधारण चौपट ऊर्जा वापरते, आणि विश्रांतीत दर किलोमागे तासाला ढोबळमानाने एक कॅलरी लागते. त्यामुळे ६४ किलोच्या व्यक्तीला पाऊण तासाच्या चालण्यात १९२ कॅलरी लागतात. पण त्यांतल्या ४८ तिने नुसते बसून राहिल्यावरही खर्चल्याच असत्या, म्हणून चालण्यामुळे वाढलेला खर्च १४४ च धरावा.

आता पडताळणी. चार आठवडे रोज सकाळी, शौचानंतर आणि चहापूर्वी वजन करावे, खाल्लेले सर्व नोंदवावे, आणि एकेका दिवसाच्या चढउताराकडे लक्ष न देता आठवड्याची सरासरी पाहावी. स्त्रियांमध्ये मासिक पाळीच्या सुमारास शरीरात पाणी साठून वजन वाढल्यासारखे दिसते, हाही चार आठवडे घेण्यामागचा हेतू आहे. समजा, रोजचा आहार सरासरी १,६९० कॅलरींचा होता आणि पहिल्या व चौथ्या आठवड्याच्या सरासरींत, म्हणजे २१ दिवसांत, वजन ३०० ग्रॅमने उतरले. एक किलो चरबीमागे सुमारे ७,७०० कॅलरी धरल्या, तर २,३१० कॅलरी शरीरातून गेल्या, म्हणजे दिवसाला ११०; खरा खर्च १,८०० च्या आसपास. सूत्राशी हा आकडा जुळला नाही, तर सूत्र बाजूला ठेवून आधी नोंदी तपासाव्यात आणि त्या चोख असतील, तर हाच आकडा मानावा.

नोंदींत हमखास निसटते ते फोडणीचे तेल. ते चमच्याने मोजत बसण्यापेक्षा महिन्याचा हिशेब करावा: चौघांच्या घरात तीन लिटर तेल संपत असेल, तर ते माणशी दिवसाला साधारण २३ ग्रॅम, म्हणजे दोनशेहून थोड्या अधिक कॅलरी होतात.

गरोदर व स्तनपान करणाऱ्या स्त्रिया, वाढीच्या वयातील मुले आणि थायरॉइडचा विकार असलेल्या व्यक्ती यांनी मात्र या गणितावर न विसंबता डॉक्टरांचा किंवा आहारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. इतरांनी कामाचे स्वरूप बदलल्यास गणित नव्याने करावे. पाच किलो वजन उतरल्याने सूत्रातला एकूण आकडा जेमतेम सत्तर-पंचाहत्तर कॅलरींनी खाली येतो, तेव्हा त्यासाठी दर महिन्याला आकडेमोड करण्याची गरज नाही.