अचूक तोफगोळ्याची बातमी कशी वाचायची

तोफखान्यातली माझी उमेदीची वर्षं ओपीवर, म्हणजे निरीक्षण चौकीत, दुर्बिणीमागे गेली. ‘अचूक गोळ्याने लक्ष्य उडवलं’ अशी बातमी आली की मी आधी एकच शोधतो: लक्ष्याचा पत्ता कोणी दिला, आणि तो किती ताजा होता? तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

साधा १५५ मिलिमीटरचा गोळा २० किलोमीटरवर पोचायला मिनिटाच्या आसपास वेळ घेतो. तेवढ्यात वरचा वारा, हवेची घनता, दारूचं तापमान, नळीची झीज असं सगळं मिळून त्याला शंभर-दोनशे मीटर सहज भरकटवतं. मग ओपीवरून ‘राइट ५०, ॲड १००’ (५० मीटर उजवीकडे, १०० मीटर पुढे) अशा दुरुस्त्या देत गोळे लक्ष्यावर आणायचे. तोवर समोरचा खंदकात उतरलेला असतो. मार्गदर्शित, म्हणजे उडता उडता स्वतःची दिशा सुधारणाऱ्या, गोळ्याची खरी कमाई ही, की पहिलाच गोळा कामाचा ठरू शकतो.

आता बातमीत गोळ्याचं नाव शोधा. अमेरिकेचा कॉपरहेड किंवा रशियाचा क्रास्नोपोल असेल, तर तो लेझरवर चालतो. गोळा येऊन आदळेपर्यंत कोणीतरी लक्ष्यावर लेझरचा ठिपका धरून ठेवावा लागतो, मग ते काम माणूस करो वा ड्रोन. चालतं वाहनही अशाने टिपता येतं. पण खाली उतरलेले ढग, धूर, धूळ आडवी आली की ठिपका हरवतो. थोडक्यात, शेवटच्या क्षणापर्यंत लक्ष्याकडे कोणाची तरी नजर होती.

जीपीएसवर चालणाऱ्या एक्सकॅलिबर गोळ्याचं तसं नाही. २००७ मध्ये इराकमध्ये तो पहिल्यांदा युद्धात वापरला गेला. डागण्याआधी त्यात लक्ष्याचे अक्षांश-रेखांश भरतात. नळीतून सुटताना त्याला गुरुत्वाच्या हजारो पट धक्का बसतो, त्यातून आतली इलेक्ट्रॉनिक्स शाबूत राहते (मला आजही याचं सगळ्यात जास्त नवल वाटतं), मग पंख उघडतात आणि जीपीएस व जडत्वमापकाच्या (स्वतःची हालचाल मोजणाऱ्या उपकरणाच्या) आधारे तो वळत जातो. त्याला खालचं काही दिसत नाही. दिलेल्या बिंदूवर तो जातो, तिथे कोण आहे ते त्याला ठाऊक नसतं. मे १९९९ मध्ये बेलग्रेडमधल्या चिनी दूतावासावर अमेरिकी विमानातून जीपीएसवाले बॉम्ब पडले. ते नेमून दिलेल्या जागीच पडले होते. जागाच चुकीची ठरवली होती. त्यात माणसं गेली. त्यामुळे ‘अचूक’ शब्द वाचून पत्ता तपासायचा सोडू नका.

युद्ध युक्रेनचं असेल तर जॅमिंगचा उल्लेख आहे का बघा. रशियाने जीपीएसचे संकेत दाबायला सुरुवात केल्यावर तिथे एक्सकॅलिबरची परिणामकारकता खूपच घसरली.

बोनस आणि स्मार्ट १५५ हे गोळे निराळे. ते लक्ष्याच्या वर दोन उपगोळे सोडतात आणि ते उपगोळे चिलखती गाड्या स्वतः हुडकतात.

आकड्यांशी सावध राहा. साध्या गोळ्याच्या फ्यूजच्या (स्फोट घडवणाऱ्या भागाच्या) जागी बसवून त्याला मार्गदर्शित करणाऱ्या पीजीके संचासाठी लक्ष्यापासून ५० मीटरची अट होती. याचा अर्थ सगळे गोळे ५० मीटरच्या आत, असा नाही. निम्मे आत, निम्मे बाहेर. शिवाय गोळा कितीही नेमका पडला तरी त्याच्या किरच्या पुष्कळ लांब जातात. फ्यूज हवेत फुटणारा होता, आदळताच फुटणारा होता की छत भेदून आत फुटणारा, यावर शेजारच्या घराचं काय झालं हे ठरतं. बातमीत ते नसेल तर फोटोतलं छत आणि भिंती नीट बघा.

शेवटी, मारा झाल्यावर तिथे पुन्हा कोणी पाहिलं का? ओपीवरून, ड्रोनमधून किंवा उपग्रहातून घेतलेलं नंतरचं चित्र नसेल, तर ‘नष्ट केलं’च्या जागी ‘डागला’ एवढंच वाचा.