पिळदार नायिका रेखाटताना या चुका टाळा

फॅन्टसी गेमसाठी कमावलेल्या शरीराची स्त्री योद्धा काढायला घेतली की अनेक पोर्टफोलिओंत एकच गंमत दिसते. दंड आणि खांदे झोकात येतात, मग चित्रकार बिचकतो. ‘बाईसारखी दिसेना’ या धास्तीने तो कंबर आवळतो, मान बारीक करतो, मनगटं नाजूक ठेवतो, ओठ रंगवतो. मग त्या चित्रात ताकदही उरत नाही आणि लोभसपणाही. पुढच्या बहुतेक चुका या बिचकण्यातूनच येतात.

बारीक मान, मुठीत मावणारी कंबर

चित्रात काहीतरी खटकतंय पण बोट ठेवता येत नसेल, तर आधी मान बघा. डोकं दुसऱ्याच कुणाचं आणून चिकटवल्यासारखं वाटतंय? जड वजन उचलणाऱ्या बाईचा ट्रॅपेझियस, म्हणजे मानेवरून खांद्याकडे उतरणारा स्नायू, भरलेला असतो, त्यामुळे मान आणि खांदा यांच्यात काटकोन न राहता उतार तयार होतो. तसंच मनगटाचं. दोन हातांनी कुऱ्हाड फिरवायची तर पकड कोपराखालच्या स्नायूंतून येते, नुसत्या दंडावरच्या बेटकुळ्यांनी भागत नाही.

कंबरेवर तर सगळ्यात जास्त अन्याय होतो. वजन पेलताना धड ताठ ठेवायचं काम पोटाच्या कडेचे तिरके स्नायू आणि कण्यालगतचे स्नायू करतात. ते भरले की कंबर जाड दिसणारच, दिसू द्या. बाईपण दाखवायला हाडं पुरतात: छातीच्या पिंजऱ्याच्या मानाने रुंद कटी आणि कोपरापासून किंचित जास्त बाहेर वळलेला हात. एवढं बरोबर आलं की वरचे स्नायू बिनधास्त वाढवा.

संदर्भाला फक्त बॉडीबिल्डिंगचे फोटो

मंचावरचं ते शरीर रोजचं नसतं. स्पर्धेसाठी चरबी उतरवलेली असते, त्वचेवर गडद रंग चढवलेला असतो आणि दिव्यांखाली प्रत्येक स्नायू मुद्दाम आवळून धरलेला असतो. तेच उचलून पोटावर लादीपावासारखे सहा चौकोन काढले की योद्धा कायम उपाशी वाटते. महिनोन् महिने मोहिमेवर असलेल्या बाईच्या अंगावर थोडी चरबी हवीच. मांडीवर, पोटावर, दंडाच्या मागच्या बाजूला ती स्नायूंच्या कडा मऊ करते.

टोकियो ऑलिंपिकमधल्या वेटलिफ्टिंगचे फोटो शेजारी-शेजारी ठेवा. मीराबाई चानूने 49 किलो गटात एकूण 202 किलो उचलून रौप्य मिळवलं, ली वेनवेनने 87 किलोवरील गटात 320 किलो उचलून सुवर्ण. खेळ एकच, पण दोघींच्या अंगकाठीत काडीचं साम्य नाही. म्हणून आधी तिचं काम ठरवा. कडे चढणारीची बोटं आणि पाठ वेगळी, होडी वल्हवणारीची वेगळी, घणाचे घाव घालणारीची वेगळी. ‘असं शरीर बाईचं असूच शकत नाही’ हा आक्षेप येईलच. 2020 च्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ या गेममधल्या अ‍ॅबीवर तो आला होता, आणि तिचं शरीर तर कॉलीन फॉच या खऱ्याखुऱ्या क्रॉसफिट खेळाडूवरून घेतलेलं होतं.

सगळे स्नायू एकदम ताणलेले

कोपर वाकवताना दंडाचा पुढचा स्नायू आखडून फुगतो, तेव्हा मागचा सैल पडतो. हात सरळ रेटला की उलटं. दोन्ही सारखेच टरटरीत काढले तर आकृती पुतळा होते. स्तनांचं तंत्रही लक्षात ठेवा. ते छातीच्या स्नायूवर बसलेले असतात आणि तो स्नायू काखेच्या पुढच्या कडेवरून दंडाकडे जातो. हात वर गेला की सगळंच वर ओढलं जातं. दोन गोल चिकटवून मोकळं होणारे इथेच पकडले जातात.

लोभसपणा मेकअपने आणणं

इथे थोडं थांबायला हवं. 2023 च्या ‘बाल्डर्स गेट थ्री’ या गेममधली कार्लाक आठवा: लाल कातडीची धिप्पाड टीफलिंग (सैतानी रक्ताच्या, शिंगं असलेल्या जमातीतली), एक शिंग तुटलेलं, छातीत हृदयाच्या जागी नरकातलं इंजिन. त्याच्या धगीमुळे सुरुवातीला तिला कुणी मिठीसुद्धा मारू शकत नाही, आणि बाईसाहेबांना माणसांची केवढी ओढ! ते दणकट शरीर आणि तो मोकळा, दातदाखवू आनंद एकत्र आले म्हणून लोक तिच्यावर लुब्ध झाले. लिपस्टिकचं त्यात काही श्रेय नाही.

तुमच्या पात्रालाही काहीतरी हवंसं असू द्या. कागदावर छोट्या-छोट्या स्केचेसमध्ये तिला शस्त्राविना काढून बघा: कंटाळलेली, हरलेली, कुणावर तरी भाळलेली, भांडणात तोंडघशी पडलेली. मोठ्या पंजात इवलंसं पिल्लू ही युक्ती मात्र आता पार झिजली आहे, ती नको. चेहऱ्यावरही तिच्या धंद्याची खूण दिसू द्या. तालमीत कुस्तीगिरांचे चेपून जाड झालेले कान पाहिले असतील. तसा एक कान गालावरच्या ठरावीक व्रणापेक्षा कितीतरी जास्त सांगतो.

चिलखताने सगळं झाकणं

दोन वाट्या ठोकलेलं छातीचं चिलखत अजून संपत नाही. त्या वाट्यांमधली घळ शत्रूचा वार थेट छातीच्या हाडाकडे घसरवते. एकसंध फुगीर पत्रा घ्या, आत जागा आपोआप मिळते. दंड आणि मांड्या हेच तिचं वैशिष्ट्य असेल तर तिथे कातडी पट्टे किंवा उघडं अंग ठेवा, नाहीतर मेहनतीने काढलेले स्नायू पत्र्याखाली गेले म्हणून समजा.

खांद्यावरच्या पत्र्याबद्दल रिगिंग करणाऱ्याशी, म्हणजे पात्र हलवण्यासाठी आतला सांगाडा जोडणाऱ्याशी, आधीच बोला. भरलेल्या डेल्टॉइडवर (खांद्याच्या गोल स्नायूवर) मोठा पत्रा बसवला की हात डोक्यावर नेताना तो कानात घुसतो. पत्र्याचे दोन-तीन सरकते तुकडे केले तर अ‍ॅनिमेशन सुटतं. तसंच भरलेल्या पाठीमुळे तिचे हात बाजूला सरळ लटकणार नाहीत, थोडे फाकलेलेच राहतील. स्टँडिंग पोझ पाठवण्याआधी तेवढं तपासा.