कमी बजेटमध्ये गेमिंग पीसी जुळवताय? या चुका टाळा

"ही यादी एकदा बघून दे ना," असं म्हणत कोणी पार्टची यादी पाठवली की मी ग्राफिक्स कार्ड आधी बघत नाही. बघतो ती पॉवर सप्लायची ओळ. तिथे कंपनी नाही, मॉडेल नाही, नुसतं '५०० वॉट' असलं की कळतं, वरचं सगळं ठरवता ठरवता पैसे संपले आणि उरल्यासुरल्यात हे बसवलं. बजेट कमी असणं ही अडचण खरीच. पण त्यातले पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा आपण मोठं नाव वाचतो आणि त्याखालची बारीक अक्षरं सोडून देतो म्हणून.

पॉवर सप्लायवर काटकसर

माझ्या मावसभावाचा पीसी गेम सुरू केला की दहा-पंधरा मिनिटांत बंद पडून आपोआप पुन्हा सुरू व्हायचा. निळी स्क्रीन नाही, एरर नाही. त्याने विंडोज दोनदा टाकलं, रॅम बदलून पाहिली, तापमान तपासलं. शेवटी कॅबिनेट उघडून आम्ही पॉवर सप्लायचं स्टिकर वाचलं. ठळक अक्षरांत ५०० वॉट, पण १२ व्होल्टच्या रकान्यात २५ अँपिअर. १२ गुणिले २५ म्हणजे ३०० वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही जवळजवळ सगळी वीज या १२ व्होल्टवरूनच घेतात, त्यामुळे त्याच्या कामाचा तो सप्लाय ३०० वॉटचाच होता. चांगल्या सप्लायमध्ये हा गुणाकार छापलेल्या आकड्याच्या जवळ येतो. विकत घेण्याआधी स्टिकरचा फोटो शोधून एवढं गणित नक्की करा.

'८० प्लस'च्या शिक्क्याबद्दलही गैरसमज आहे. तो सांगतो फक्त कार्यक्षमता, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती पीसीपर्यंत पोचते ते. आतले कपॅसिटर कसे आहेत, शॉर्ट सर्किट झालं तर सप्लाय वेळेत बंद होईल का, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी त्या नेमक्या मॉडेलची चाचणी वाचा आणि वॉरंटी किती वर्षांची आहे ते बघा. ग्राफिक्स कार्डाला स्लॉटमधून ७५ वॉट मिळतात, ६ पिनच्या जोडणीतून ७५ आणि ८ पिनच्या जोडणीतून १५०. सप्लायला ती केबलच नसेल तर जुन्या मोलेक्स पिनांवरून अडॅप्टर लावू नका. सप्लाय त्या कार्डासाठी नाही, हेच ती गायब केबल सांगत असते.

नाव एक, माल दोन

ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त चीड याचीच येते. एनव्हिडियाचं जीटी १०३० हे कार्ड आधी जीडीडीआर५ मेमरीसह आलं, नंतर त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचंही आलं. पहिल्याची मेमरी सेकंदाला ४८ जीबी डेटा हलवते, दुसऱ्याची जेमतेम १७. आरटीएक्स ३०५०चं तसंच. ८ जीबीच्या कार्डात २५६० कोअर (चित्राचा हिशोब करणारे छोटे भाग) आणि १२८ बिटची मेमरी बस (मेमरीकडे जाणाऱ्या रस्त्याची रुंदी). २०२४ मध्ये आलेल्या ६ जीबीच्या कार्डात २३०४ कोअर आणि ९६ बिट. फरक फक्त २ जीबीचा आहे असं समजून लोक घेतात आणि कमी फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) मिळाल्या की ड्रायव्हरला दोष देतात. अर्थात ६ जीबीचं कार्ड अगदीच टाकाऊ नाही. ते ७० वॉटमध्ये चालतं आणि वेगळी पॉवर केबल मागत नाही, त्यामुळे ऑफिसमधून निघालेल्या जुन्या संगणकात ते चांगलं बसतं. तिथे मी स्वतः ते सुचवतो. फक्त काय घेतोय हे माहीत असावं.

लेनची गोष्ट आणखी लपलेली. एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड बसतं त्या स्लॉटच्या जोडणीच्या, फक्त ४ लेन (डेटाचे रस्ते) वापरतं. पीसीआयईच्या चौथ्या पिढीच्या मदरबोर्डावर त्याचं भागतं, पण तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर तोच रस्ता निम्मा होतो, आणि ४ जीबी मेमरी भरली की गेम अडखळायला लागतो. आता गंमत बघा: आधी एएमडीचा रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर घेऊ, त्याच्या आतल्या ग्राफिक्सवर भागवू आणि पुढे स्वस्त कार्ड घालू, असा बेत बरेच जण करतात. तो प्रोसेसर पीसीआयईची तिसरी पिढीच देतो, बोर्ड कितीही नवा असला तरी. त्यामुळे नेमकं हे कार्ड नेमक्या त्याच प्रोसेसरसोबत सगळ्यात वाईट चालतं. इंटेलची आर्क कार्डं घेणाऱ्यांनी आपल्या बोर्डावर रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) आहे का आणि बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्राममध्ये, ते चालू आहे का, हे आधी बघावं. ते नसेल तर ही कार्डं फार मार खातात.

प्रोसेसरचं शेवटचं अक्षर

इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असेल तर त्यात ग्राफिक्स नाही. कार्ड नंतर घेऊ म्हणून एफवाला प्रोसेसर घेतला तर तोवर स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. रायझन ५ ५६०० मध्येही ग्राफिक्स नाही. ते ५६००जी मध्ये आहे. बाकी प्रोसेसरवर फार घोळू नका. ६ कोअरचा अलीकडचा कुठलाही चांगला प्रोसेसर या बजेटला पुरतो. त्यापुढे वाचलेला पैसा ग्राफिक्स कार्डाकडे वळवा, कारण गेममध्ये तो तिथेच दिसतो.

बोर्ड घेताना मात्र थांबून वाचा. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचे (प्रोसेसर बसतो ती जागा) बोर्ड डीडीआर४चेही असतात आणि डीडीआर५चेही; दोन्हींच्या खाचा वेगळ्या, एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. एएमडीचा एएम५ सॉकेट फक्त डीडीआर५ घेतो. एएमडीच्या बी४५० सारख्या जुन्या बोर्डावर रायझन ५००० मालिकेतला प्रोसेसर लावायचा तर बायोस अपडेट केलेलं हवं, नाहीतर पंखे फिरतील आणि स्क्रीन काळी राहील. म्हणून प्रोसेसर न लावता पेन ड्राइव्हवरून बायोस टाकता येणारा बोर्ड मिळत असेल तर थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील.

रॅम: एक कांडी की दोन

१६ जीबीची एक कांडी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या. प्रोसेसरला मेमरीकडे जायला दोन रस्ते असतात. एक कांडी लावली की त्यातला एक बंदच राहतो. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर खेळणार असाल तर फ्रेममध्ये प्रचंड फरक पडतो, कारण त्या ग्राफिक्सची स्वतःची मेमरीच नसते. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन कांड्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या. शेजारी-शेजारी लावल्या तर बहुतेक वेळा पुन्हा तोच एक रस्ता.

आणि बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो, म्हणजे रॅमला छापलेल्या वेगावर चालवणारी सेटिंग, चालू करा. ३२०० वेगाची डीडीआर४ रॅम ते केल्याशिवाय बहुतेक वेळा २१३३ ते २६६६ वरच चालत राहते. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये मेमरीवर क्लिक केलं की चालू वेग दिसतो. कित्येकांचे पीसी वर्षानुवर्षं अर्धवट वेगाने चालताना मी पाहिले आहेत, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. वाईट वाटतं, कारण त्या वेगाचे पैसे त्याने मोजलेले असतात.

स्टोरेजचं थोडक्यात: सुरुवातीला ५०० जीबीचा एसएसडी घ्या, जागा पुढे वाढवता येते. एम.२ आकाराचा एसएसडी एनव्हीएमई (वेगवान) असतो किंवा साटा (जुन्या पद्धतीचा, हळू), दिसायला जवळपास सारखे. बोर्डाचा स्लॉट कुठला घेतो ते माहितीपुस्तिकेत बघा.

सगळं जोडलं, पण स्क्रीन काळीच

घाबरू नका, पार्ट बहुतेक वेळा खराब नसतो. बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात प्रोसेसरची वेगळी ४ किंवा ८ पिनची जोडणी असते. मोठी २४ पिनची लावून लोक हीच विसरतात. मग रॅम काढून 'टक्' आवाज येईपर्यंत पुन्हा दाबा. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड मेमरीची जुळवणी करत बसतो, त्यात काही मिनिटं जाऊ शकतात. तेवढ्यात बटण दाबून बंद केलं की बिचारा पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. बऱ्याच बोर्डांवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट अशा नावांचे चार छोटे दिवे असतात. जो पेटून राहील तिथे शोधा. काहीच सुधरत नसेल तर वीज तोडून बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी पाच मिनिटं काढून ठेवा, म्हणजे बायोसच्या सेटिंग मूळ स्थितीत येतात.

स्क्रीन आली, पण फ्रेम कमी? मॉनिटरची केबल कुठे लावली आहे ते मागे जाऊन बघा. बोर्डावर लावली असेल तर तुमचं महागडं कार्ड नुसतं बसून आहे. १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये बहुतेक वेळा ६० वरच सुरू होतो. डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन तो बदलावा लागतो. सुरुवातीला छान आणि पाच मिनिटांनी मंद, असं असेल तर तापमान बघा. कूलरच्या तळाची प्लास्टिकची फिल्म काढायची राहिली नाही ना? हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं.

सेकंड हँड घेताना

कमी बजेटमध्ये जुनं कार्ड हा खरंच चांगला मार्ग आहे, पण हातात घेऊन, चालवून बघितल्याशिवाय नाही. जुन्या जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआय कार्डांचं बायोस बदलून ती जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकली गेली आहेत. विंडोज खोटं नाव दाखवतं. जीपीयू-झेड हा छोटा प्रोग्राम चिपची माहिती वाचतो आणि बहुतेक वेळा अशी नक्कल उघडी पाडतो. मग वीस मिनिटं एखादा जड गेम चालवा, पंख्यांचा आवाज ऐका, स्क्रीनवर रंगीत ठिपके उमटतात का बघा. पूर्ण संगणकच जुना घेत असाल तर प्रोसेसरची पिढीही विचारा: विंडोज ११ अधिकृतपणे साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून आणि रायझन २००० पासून पुढेच चालतं, आणि विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. काही ऑनलाइन गेम आता सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० या सुरक्षेच्या सोयी असल्याशिवाय उघडतच नाहीत, तेव्हा विकणाऱ्यासमोरच बायोस उघडून या दोन्ही गोष्टी आहेत का ते पाहून घ्या.